साडेनवव्या दिवसाच्या योक सॅकमध्ये सीडी४५ इतके फिके का?

प्रश्न
प्रौढ उंदराच्या अस्थिमज्जेसाठी आमच्याकडे ठरलेला अँटिबॉडींचा संच (सी-किट, स्का-१, सीडी४५ ही पेशी ओळखण्याची पृष्ठभागावरची चिन्हे; त्यांपैकी सीडी४५ हे बहुतेक रक्तपेशींचे) मी साडेनवव्या दिवसाच्या गर्भांच्या योक सॅकवर (पहिल्या रक्तपेशी जिथे तयार होतात ती गर्भाबाहेरची पिशवी) वापरला. सी-किट असलेल्या पेशी चांगल्या दिसल्या. मात्र त्यांपैकी बहुतेकींवर सीडी४५ फिके होते किंवा नव्हतेच, आणि स्का-१ जवळजवळ शून्य. सोबत घातलेले सीडी१६/३२ (अँटिबॉडीची शेपटी, म्हणजे एफसी भाग, पकडणारी ग्राहके) तर पूर्ण कोरे आले. बाकीच्या अँटिबॉडी या ग्राहकांना उगाच चिकटू नयेत म्हणून २.४जी२ हा एफसी-ब्लॉक नेहमीप्रमाणे दहा मिनिटे आधी लावला होता. या पेशी रक्ताच्या नाहीतच, की पद्धत चुकली?

उत्तर १
संच प्रौढाचा आहे, गर्भाचा नाही. रक्ताकडे वळलेल्या पेशींवर सुरुवातीला सीडी४१ येते आणि सीडी४५ त्यामागून. सीडी४१ म्हटले की आपल्याला प्लेटलेट आठवतात. परंतु योक सॅकमध्ये साधारण सव्वाआठव्या दिवसापासून सी-किट आणि सीडी४१ एकत्र असलेल्या पेशी सापडतात, आणि त्यांवर सीडी१६/३२ही असेल तर त्या लाल पेशी व मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींचा एक गट) देणाऱ्या पूर्वज पेशी मानतात. नुसत्या सी-किटवर विसंबू नका, कारण ते रक्ताबाहेरच्या पेशींवरही असते.

उत्तर २
सीडी१६/३२ कोरे येण्याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे. २.४जी२ ही सीडी१६/३२लाच चिकटणारी अँटिबॉडी आहे, त्यामुळे सीडी१६/३२ रंगवायला नेहमी वापरला जाणारा ९३ हा क्लोन (अँटिबॉडीचा वाण) मागाहून घातला तर त्याला जागाच उरत नाही. रंग जोडलेले सीडी१६/३२ आधी घाला आणि बाकीच्या अँटिबॉडी नंतर. ब्लॉकचे कामही तेच करील. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग सीडी४१ असलेल्या या पेशींना रक्ताच्या मूलपेशी म्हणावे का?

उत्तर १
म्हणू नये. प्रौढ उंदरात प्रत्यारोपण केल्यावर टिकणाऱ्या मूलपेशी गर्भातल्या महारोहिणीच्या (मुख्य धमनीच्या) परिसरात स्वतंत्रपणे तयार होतात, हे मेडविन्स्की व झिरझाक यांनी १९९६ मध्ये दाखवले. तिथल्या पूर्व-मूलपेशींवर व्हीई-कॅडहेरिन हे रक्तवाहिनीच्या अस्तराचे चिन्ह शिल्लक असते, आणि त्यासोबत आधी सीडी४१ व पुढे सीडी४५ दिसते. म्हणून साडेदहाव्या-अकराव्या दिवशी सीडी४५ नाही एवढ्यावरून पेशी वगळल्या, तर नेमक्या हव्या त्याच निसटतात.

आणखी एक गोष्ट. दिवसांवर भरवसा ठेवण्याऐवजी प्रत्येक गर्भाच्या सोमाइटच्या (पाठीच्या बाजूने ओळीने तयार होणाऱ्या खंडांच्या) जोड्या मोजून लिहा, कारण एकाच विणीतले गर्भही काही जोड्यांनी मागेपुढे असतात. तुमचे उंदीर बाल्ब/सी वाणाचे असल्यास स्का-१ प्रौढातही फिकेच दिसेल, वाण कळवावे.