परड्यातली कोंबडी मेली तर कळवायचे, की माडाच्या आळ्यात पुरून मोकळे व्हायचे?

शेडवाला, गुहागर

काल आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप समूहावर एका सुशिक्षित गृहस्थांनी सल्ला दिला की, घरामागच्या परड्यातल्या कोंबड्या मेल्या तर मुकाट्याने माडाच्या आळ्यात पुराव्यात आणि दवाखान्यात अजिबात कळवू नये, कारण ‘एकदा सरकारी माणूस आला की सगळ्या वाडीची खुराडी रिकामी करून जातो’. खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे उत्तर देऊन शेजाऱ्यांशी वैर घेण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

या गृहस्थांच्या परड्यापासून माझी ब्रॉयलरची शेड हाकेच्या अंतरावर आहे. वीतभर खणलेला खड्डा कुत्री एका रात्रीत उकरतात आणि सकाळी कावळे तीच आतडी ओढत माझ्या शेडच्या पन्हळीवर येऊन बसतात. २०२१ च्या जानेवारीत दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता आणि २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला तो कोंबड्यांत निघाला, हे इतक्या लवकर विसरले गेले का? प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा स्पष्ट सांगतो की, अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, रोगाची शंका आली तरी मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवलेच पाहिजे आणि आजारी जनावर वेगळे ठेवलेच पाहिजे. बर्ड फ्लू पक्का झाला तर एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरे मारली जातात. त्यांच्या सात-आठ कोंबड्या जातील हे खरे, पण त्यांच्या लपवाछपवीमुळे माझी अख्खी बॅच जाईल, त्याचे काय?

परडेकरीण, कुडाळ

भाऊ, कायदा वाचलात तर अनुसूचीही वाचा. तिच्यात बर्ड फ्लूबरोबर रानीखेतही, म्हणजे आपली मानमोडीही आहे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर दर घरी दोन-चार कोंबड्या हिरवी हगवण लागून, मान वाकडी करून मरतात आणि आम्ही त्याला मानमोडी म्हणून सोडून देतो. तुमच्या न्यायाने मग बाणकोटपासून बांद्यापर्यंतची प्रत्येक गृहिणी दरवर्षी गुन्हेगार ठरते. दंड पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंत आहे, म्हणजे एका चांगल्या गावठी कोंबड्याच्या किमतीपेक्षा फारसा जास्त नाही, आणि तो कोणी भरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. जो कायदा सगळ्यांनाच दोषी ठरवतो, त्याचा धाक कोणालाच राहत नाही.

शिवाय मी एकदा कळवून पाहिले आहे. दवाखान्यात फोन केला, तेव्हा मेलेली कोंबडी पिशवीत घालून घेऊन या, असे सांगण्यात आले. मी एसटीने घेऊन गेले, तर साहेब लसीकरणाच्या दौऱ्यावर होते. पिशवीला वास सुटला, लोक नाक धरून सरकून बसले, आणि शेवटी त्या कोंबडीची विल्हेवाट मीच लावली. मला कायदा शिकवणाऱ्यांनी आधी त्या एसटीत बसून यावे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

नोकरीत असताना ही दोन्ही गाऱ्हाणी मी पुष्कळ ऐकली, म्हणून थोडे स्पष्ट करतो. कळवले की खुराडी रिकामी होतात, हे साफ खोटे आहे. आधी नमुने जातात, पुण्याच्या प्रयोगशाळेतून पुढे भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत त्यांची खात्री होते, आणि अहवाल होकारार्थी आला तरच एक किलोमीटरचे बाधित क्षेत्र जाहीर होऊन पाखरे नष्ट केली जातात. त्यापलीकडे दहा किलोमीटरपर्यंत देखरेख असते, तिथे पाखरे मारत नाहीत. ताईंच्या मानमोडीचा अहवाल मानमोडीचाच आला, तर कोणी खुराड्याला हात लावणार नाही.

मानमोडीच समजून गप्प बसण्याचे फळ मात्र २००६ मध्ये नवापूरला दिसले. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला, आणि सुरुवातीला तिथल्या मरीलाही लोक रानीखेतच म्हणत होते. तुरा निळा पडला, डोके सुजले आणि एकाच रात्रीत अर्धे खुराडे आडवे झाले, तर ती नेहमीची मर नव्हे, एवढे ओळखायला पदवी लागत नाही.

भरपाई नष्ट केलेल्या पाखरांची मिळते, आधी मेलेल्यांची मिळत नाही. त्यामुळे लपवण्यात मालकाचाच तोटा आहे.

परडेकरीण, कुडाळ

काका, हेच तर माझे म्हणणे आहे! २०२१ च्या साथीत अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसाच्या कोंबडीला ७० आणि अंड्याला ३ रुपये, असे दर होते. शिमग्याला माझ्याकडून सातशे-आठशेला नेलेल्या कोंबड्याची सरकारदरबारी किंमत तेव्हा एवढीच, आणि तो रोगाने मेला तर शून्य! अशा वेळी शहाणा माणूस काय करील? पहिली कोंबडी मान टाकताच उरलेल्या बाजारात नेऊन विकील. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही, पण तुमचा नियमच माणसाला त्या वाटेला लावतो.

गिरगावकर (मूळ राजापूर)

गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लंपी रोगाच्या वेळी काय झाले ते कोणी बोलत नाही. २०२२ मध्ये राज्याने गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले, आणि तेही रोगाने मेलेल्या जनावरांसाठी. भरपाई मिळणार हे ठाऊक होते, म्हणून माझ्या चुलत्यांनी पहिल्याच गाठीला दवाखाना गाठला, आणि बैलाचे पैसे त्यांना मिळालेही. बैलाच्या मरणाला पंचनामा आणि कोंबडीच्या मरणाला आळे, हा भेद कशासाठी?

शेडवाला, गुहागर

गिरगावात बसून कोंबडीचे अर्थशास्त्र सांगणे सोपे आहे. परड्यातल्या बाईला सातशेचा कोंबडा गेल्याचे दुःख आहे आणि मला ते कळते. पण माझ्याकडे पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, आणि शेड, वीज, मजूर, बँकेचा हप्ता तेवढा माझा. मला किलोमागे पालनाचे पैसे मिळतात. बॅच नष्ट झाली तर भरपाई पक्ष्यांच्या मालकाची, म्हणजे कंपनीची. मी कोणत्या रकान्यात बसतो, ते आजवर मला कोणी दाखवलेले नाही. पुढची बॅच देखरेख संपेपर्यंत येत नाही आणि हप्ता मात्र थांबत नाही. एवढे असूनही माझ्या शेडमध्ये मर वाढली की मी कळवतो. तुम्हाला मात्र सात कोंबड्यांसाठी सवलत हवी!

परडेकरीण, कुडाळ

सवलत कोणी मागितली? तुमचे भांडण तुमच्या कंपनीशी आहे, ते आमच्या परड्यात आणू नका. तुमच्या शेडमधल्या कोंबड्यांखालच्या भुशाच्या गोण्या उघड्या टेम्पोतून वाडीतून जातात, तेव्हा तुमचा २००९ चा कायदा सुट्टीवर असतो का? मृत पक्षी नेणाऱ्या गाडीतून गळणाऱ्या पाण्याविषयी तर मी अजून बोललेलीच नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

दोघांनीही आवाज जरा खाली आणावा. भुशाच्या गोण्यांविषयी ताई बरोबर बोलतात. भुसा, खाद्याच्या गोण्या, अंड्यांचे ट्रे आणि माणसाच्या चपला यांतूनच रोग जास्त फिरतो आणि आळ सगळा कावळ्यावर येतो.

मला विचाराल तर मानमोडी आटोक्यात आली की अर्धा वाद मिटेल, कारण मग उरलेली प्रत्येक मर संशयास्पद ठरेल आणि कळवण्याला अर्थ येईल. अडचण अशी की लसीची कुपी शंभर मात्रांची, ती बर्फात आणायची आणि फोडल्यावर काही तासांत संपवायची. आठ कोंबड्यांच्या घरी ती कोण फोडणार? म्हणून वाडीने एक दिवस ठरवावा, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी पहाटे घरोघर जावे, आणि नाकाडोळ्यांत थेंब टाकून मोकळे व्हावे. नोकरीत मी हे काही वाड्यांत केले. जिथे केले, तिथे नंतर लोक स्वतःहून फोन करत.

शेडवाला, गुहागर

ठीक आहे. लसीच्या दिवशी बर्फाची पेटी आणि कुपीचे पैसे माझे, कारण वाडीतली मर थांबली तर फायदा माझाच आहे. हा उपकार समजू नये. पण आळ्यात पुरण्याचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांनी ती पोस्ट काढावी, एवढे तरी इथल्या मंडळींनी मान्य करावे.

परडेकरीण, कुडाळ

पोस्ट काढायला माझी हरकत नाही, ती मूर्खपणाचीच आहे. पुरायचे तर चांगले खोल खणून चुना टाकून पुरावे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते. राहिले कळवण्याचे. अर्धे खुराडे एका रात्रीत गेले तर मी कळवीन, पण पिशवी घेऊन एसटीत बसणार नाही. नमुना घ्यायला माणसाने माझ्या परड्यात यावे.

गिरगावकर (मूळ राजापूर)

आणि मेलेल्या कोंबडीच्या भरपाईचे काय ठरले? लंपीच्या उदाहरणाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.