परक्या देशात लोकल बसनं गाव बघितलंय का कुणी? या, लिहा

कडकभाकरी:
काल सोलापुरात सात रस्त्याहून बसनं निघाले होते. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, पुढं रस्ता बंद. कंडक्टरनं मध्येच बेल मारली, "गाडी पुढं जात नाही, उतरून घ्या." बायका त्याच्यावर खेकसायला लागल्या आणि मला एकटीलाच हसू फुटलं. २०१७ साली लंडनला अगदी हेच झालेलं. तिथं कंडक्टर नसतो, आतनं रेकॉर्ड केलेली एक बाई बोलते, या बसचं शेवटचं ठिकाण बदललंय, पुढची सूचना ऐका. सगळे मुकाट उतरले. भांडण नाही, काही नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

लेक तेव्हा ईलिंगला होती. आम्ही दोघं तीन महिने गेलो होतो. ती आणि जावई सकाळी आठला बाहेर, आम्ही खिडकीला नाक लावून. हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, त्यांना कुठलं बसवतंय घरात! लेकीनं दोन निळी ऑयस्टर कार्डं हातात ठेवली. चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही. तेव्हा बसचं तिकीट दीड पौंड होतं, रोख पैसे चालतच नाहीत. दिवसाला साडेचार पौंड कापले गेले की पुढं कितीही फिरा. शिवाय तासाभरात दुसरी बस धरली तर ती फुकट. हे कळल्यावर आमचे हे जे सुटले! हातातलं घड्याळ बघून मला बसमधनं ओढून काढायचे, "चल चल, सत्तावन्न मिनिटं झाली."

६५ नंबर आमची लाडकी. ईलिंग ब्रॉडवेहून निघून ब्रेंटफर्ड, क्यू, रिचमंड करत किंग्स्टनला जाते. वरच्या मजल्यावर, अगदी पुढची सीट. झाडांच्या फांद्या काचेवर फाडफाड आपटायच्या आणि दर फांदीला ह्यांचा उजवा पाय ब्रेकवर. नसलेल्या! क्यूच्या पुलावर थेम्स लागते, मग क्यू गार्डनची विटांची भिंत सुरू होते ती संपता संपत नाही. तिकीट काढून आत काही आम्ही गेलो नाही. तीन महिने भिंत आणि तिच्यावरचे शेंडे बघितले, तेच क्यू गार्डन.

मेथीची आठवण आली की २०७ नंबरनं साउथॉल, तिथं पंजाबी वस्ती. तिथल्या स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीखाली गुरुमुखीत लिहिलंय.

एकदा बस मध्येच उभी राहिली. सूचना काय, तर दोन गाड्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून थोडा वेळ थांबतोय. मी वैतागले. हे मात्र असे खूष, जणू त्यांचंच कुणी कौतुक केलंय. "बघ, एकामागं एक तीन गाड्या नि मग अर्धा तास काहीच नाही, हे होऊ नये म्हणून!"

तुम्ही कुठं कुठं फिरलात असं? आज तीळ भाजायचेत, पण मधेमधे येऊन वाचते.

रविवारपेठ:
नसलेला ब्रेक हाहाहा. माझे वडील माझ्या गाडीत अजून मारतात.
बर्लिन, १०० नंबर. झू स्टेशनहून अलेक्झांडरप्लाट्झ. विजयस्तंभ, राइशस्टाग, ब्रांडेनबुर्ग दरवाज्याच्या जवळनं, उंटर डेन लिंडेन, सगळं एका तिकिटात. टूरवाल्या बसला पैसे का द्यायचे? मी हुशार. तिकीट दोन तास चालतं हे वाचलं होतं. एकाच दिशेनं चालतं, परतीला नाही, हे वाचलं नव्हतं. परत येताना साध्या कपड्यातला तपासनीस. ६० युरो. बाकीच्या हुशारीचा हिशोब तुम्ही करा.

बाळीवेसवाला:
६० युरोत गड्ड्यात किती पाळणे झाले असते बे

रविवारपेठ:
लेका मीठ चोळ अजून

साखरपेठी:
सिंगापूर. मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. तिथं चढताना आणि उतरताना दोन्हीकडं कार्ड टेकवावं लागतं, अंतराप्रमाणं पैसे कापतात. मी उतरताना हमखास विसरायची, मुलगी संध्याकाळी हिशोब बघून ओरडायची.
एकदा लिटल इंडियाला निघाले, आईशी फोनवर बोलत होते. आमच्या घरी तेलुगूच. आई विचारतेय पोहोचलीस का, मी म्हणतेय कुठं उतरायचं तेच कळंना. तर मागच्या सीटवरनं आवाज आला, "इक्कड दिगंडी." म्हणजे इथं उतरा. मागं बघते तर एक म्हातारी, तिनं घंटीचं बटण दाबलं पण होतं. नाव विचारायच्या आत दार बंद. इथं साखर पेठेत आमच्यासारखी तेलुगू घरं, तिथं असं कुणी म्हणालं असतं तर मी मान पण वळवली नसती. खाली उतरून रडले थोडी. बाळंतीणबाईंच्या आईला रडायला वेळ कुठं असतो, भाजी घेतली नि परत.

विजापूरवेस:
वाचून अंगावर काटा आला ताई.
अवांतर: सून पुढच्या महिन्यात लंडनला चाललीय. शेंगा चटणी किती नेऊ देतात?

ऊन४४:
दुबई ९ वर्षं. शुक्रवारी सुट्टी असायची तेव्हा अल घुबैबाच्या स्टँडवर जायचं, पहिली दिसेल ती बस. तिथलं बसचं कार्ड म्हणजे नोल कार्ड. पुढच्या सीटा बायकांच्या, आपण मागं. बसस्टॉपला एसी. लोकं म्हणायची सोलापूरवाल्याला काय दुबईचं ऊन. भाऊ, सोलापूरचं ऊन कोरडं असतंय, तिथं जुलैत समुद्राची वाफ पण येते अंगावर. कितीदा बस आलेली बघून पण स्टॉपमधनं उठलो नाही. पुढच्या बसनं जाऊ. फिरणं कमी, एसीत बसणं जास्त, खरं सांगतो. उरलेला दिवस खाडीवर, एक दिरहमात अब्रा म्हणजे होडी, ह्या काठाहून त्या काठाला.

हुतात्मा_पकडायचीय:
मला काही पटत नाही हे. नवीन गावात वेळ कमी असतो, मेट्रो धरा, पंधरा मिनिटांत पोहोचा. बसमध्ये सिग्नल बघत बसायचं का?

कडकभाकरी:
तुमचं नावच हुतात्मा एक्सप्रेस पकडायचीय हो. आम्हाला काही पकडायचं नव्हतं. आणि मेट्रोत जमिनीखाली काय दिसतं, आपलंच तोंड काचेत.

अण्णा_जुळे:
क्योटो. ऑफिसच्या कामाला गेलो होतो. तिथं बसला मागनं चढायचं, पुढनं उतरायचं, पैसे उतरताना. गावाच्या मधल्या भागात कुठनंही कुठं तेव्हा २३० येन. ड्रायव्हरजवळ पेटी. मी ५०० चं नाणं टाकलं आणि उभा राहिलो, २७० परत येतील म्हणून. ती पेटी सुट्टे देतच नाही! शेजारी वेगळी फट असते, तिथं आधी मोडून घ्यायचे, मग मोजून २३० पेटीत टाकायचे. मागं सतरा माणसं रांगेत, कुणी हूं की चूं नाही. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ड्रायव्हरच मला वाकून सॉरी म्हणाला. दोनदा.

बाळीवेसवाला:
आपल्याकडं बरंय, तिकिटाच्या मागं लिहून देतो कंडक्टर, "७ रु."

रविवारपेठ:
आणि उतरायच्या गडबडीत ते तिकीट दाखवायचं राहतं. माझे एसटीकडं आजपर्यंत हजारभर तरी निघतील.

कडकभाकरी:
हे विचारतायत कुठल्या गाडीला, नंबर सांगा.

गुलहौशी:
बँकॉक!! कुणीच लिहिलं नाही. लाल बिनएसी बस, खाली लाकडी फळ्या, खिडक्या सताड उघड्या. कंडक्टर बाईच्या हातात लांब पत्र्याची नळी, त्यातच तिकिटाचे रोल नि सुट्टे पैसे. ती नळी खटक खटक वाजवत यायची. आमच्या लहानपणी कंडक्टर चिमट्यानं दांड्यावर टकटक करायचा ना, तस्सं. आता मशीन आलं, टकटक गेली. त्या बाईला मी काय विचारलं, तिनं काय सांगितलं, दोघींनाही कळलं नाही. भलतीकडं उतरले, तिथं फुलांचा बाजार निघाला. झेंडूच्या राशी, अगदी दसऱ्यासारख्या. दीड तास तिथंच. बाकी भाकऱ्या टाकून लिहिते

विजापूरवेस:
चटणीचं सांगा ना कुणीतरी

साखरपेठी:
कोरडी चटणी न्या, भाकरी पण न्या. घट्ट पिशवीत बांधा, तेल सुटतं, कपडे जातात. खव्याचं काही नको, दुधाचे पदार्थ तिकडं घेऊन जाता येत नाहीत.

विजापूरवेस:
अगं बाई! पेढे करायला टाकले होते

निर्यातचादर:
लीड्सला शिकायला होतो दोन वर्षं. लंडनच्या बसला मधनं उतरायला वेगळं दार असतं, आमच्याकडं एकच, त्यामुळं उतरताना ड्रायव्हरच्या पुढनंच जायचं. प्रत्येक जण त्याला थँक यू म्हणतो. शाळेतली पोरं, दारू पिऊन झिंगलेला, सगळे. मला सवय लागली. सोलापूरला आल्यावर पहिल्यांदा बसमधनं उतरताना म्हणालो तर ड्रायव्हरनं विचारलं, "काय राहिलं का ओ तुमचं गाडीत?"

कडकभाकरी:
हे ह्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत, चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, बत्तीस वर्षांत तोंडानं असं कुणी म्हणालं नाही. पण मोहोळच्या पुढं एक म्हातारी उतरली होती, ओढ्याला पाणी आलं होतं त्या रात्री, गाडी हळूहळू काढली होती. ती खाली उतरून ड्रायव्हरच्या दाराशी आली, हात वर पोहोचेना, तर लांबनंच ओवाळल्यासारखं केलं आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.
चाळीस वर्षं झाली लग्नाला, मला हे आज कळतंय.

निर्यातचादर:
काकांना नमस्कार सांगा मावशी.

हुतात्मा_पकडायचीय:
माझाही.

बाळीवेसवाला:
ती निळी कार्डं आहेत का अजून?

कडकभाकरी:
आहेत की. देवाच्या कपाटात, लाईट बिलाच्या पावत्यांत. त्यातले पैसे बुडत नाहीत म्हणे, कधीही गेलं तरी चालतात. हे आत्ता उठून काढायला गेलेत. तीळ करपले बहुतेक, आले.