मदत हवी आहे: वॉरफॅरिन चालू असताना दाह कमी करणारा आहार

माझ्या आईच्या हृदयात कृत्रिम यांत्रिक झडप असल्याने तिला वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध कायम घ्यावे लागते. तपासणीत सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) वाढलेले दिसल्यावर आम्ही तळण व मैदा थांबवून बांगडा, अक्रोड आणि रोज पालक किंवा मेथी सुरू केली. परंतु पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाचा प्रभाव कमी करत असल्याने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) खाली आला. डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली असून, भाज्या बंद न करता त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवण्यास सांगितले आहे, आणि ते मला पटते. हळदीच्या गोळ्या देत नाही, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तिला मधुमेह नाही. श्रावणात ती मासे वर्ज्य करते. पालेभाजी तुम्ही कच्ची मोजता की शिजवलेली, आणि आयएनआर लक्षात घेऊन आठवड्याचा आहार आखून देणारे आहारतज्ज्ञ ठाण्यात किंवा वाशीत कोणाच्या अनुभवातले आहेत का?