जुना पीसी आणि बाबांची ॲटलास: ठेवू की काढू?

पौडफाटा:
नमस्कार मंडळी, प्रश्न दोन आहेत पण माझ्या डोक्यात ते एकच होऊन बसलेत म्हणून एकाच धाग्यात विचारतोय. घरी २०१४ चा असेंबल्ड पीसी आहे, चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा पीसी विंडोज ११ घेत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसरही यादीत बसत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे हो, जरा हळू आहे एवढंच. आई त्यावर भिशीचे आणि महिला मंडळाचे हिशोब ठेवते, मुलगी शाळेच्या पीडीएफ बघते, मी थोडंफार मराठीत लिहितो.
दुसरी गोष्ट म्हणजे बाबांची ॲटलास सायकल. चोवीस इंची फ्रेम, डबलबार, रॉड ब्रेक. बाबा त्यावरून वर्षानुवर्षं पुण्यात शिवाजीनगरला कामाला गेले, आता पार्किंगमध्ये उभी आहे, हवा नाही, चेनला गंज. माझंही ऑफिस तिकडेच आहे.
घरचे म्हणतात दोन्ही भंगारात द्या, ईएमआयवर नवा लॅपटॉप आणि इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. पैशाचा मुद्दा आहेच पण मला जास्त खटकतं ते हे की चालू असलेली वस्तू कोणीतरी लांब बसून तारीख ठरवली म्हणून का टाकायची? पण नुसत्या हट्टापायी घरच्यांची गैरसोयही करायची नाहीये. ज्यांनी खरंच असं काही वापरलंय त्यांनी सांगा.

गोदाकाठ:
पीसी अजिबात काढू नका. माझा नाशिकला रिपेअरिंगचाच धंदा आहे त्यामुळे रोज हेच बघतो. पहिलं काम हार्डडिस्क बदलून २५६ जीबीची साटा एसएसडी टाका, दुसरं म्हणजे ४ जीबीचा आणखी एक डीडीआर३ रॅम, जुन्या बाजारात सहज मिळतो. जुन्या मशीनला खरा वेग एसएसडीने येतो, प्रोसेसरला उगाच दोष देतात लोक. सीपीयूची थर्मल पेस्ट नवी लावा, आणि घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेलही बदला.
मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका, एक्सएफसीई वाली हलकी आवृत्ती, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच चालू करून बघा, हार्डडिस्कला हातही लागत नाही, आईंना दोन दिवस वापरू द्या आणि मग ठरवा. हिशोब एक्सेलमध्ये असतील तर लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मॅक्रो असतील तर मात्र तपासून घ्या. कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर लागणारा जुना लेझर प्रिंटर असेल तर तोही आधी लावून बघा, लिनक्सवर ते फार छळतात.

चाकोरी:
मी थोडं उलटं बोलते, राग नसावा. बँकेचं काम ज्या मशीनवर होतं तिथे अपडेट बंद झालेली सिस्टिम ठेवणं मला पटत नाही, त्यामुळे विंडोज १० आहे तसंच वापरू असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. काहीजण तपासणी चुकवून विंडोज ११ घालून देतात, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० ला वेगळी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट घ्यायची सोय आहे, तेवढ्या वेळात आरामात निर्णय घ्या.
आणि कर्वे रोडवरून सायकल? दोन्हीकडून बाइक, मध्ये मेट्रोचे खांब, डावीकडे बस थांब्यावर घुसणार. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, पण आपल्याकडचे ट्रॅक बघा, कुठे पार्किंग, कुठे टपरी, कुठे मध्येच विजेची डीपी. घरच्यांची काळजी खोटी नाहीये.

रॉडब्रेक:
चाकोरीताई काळजी बरोबर आहे पण कर्वे रोड धरायलाच हवा असं कुठंय? नळ स्टॉपपर्यंत आतल्या गल्ल्यांनी यायचं, पुढे प्रभात रोडच्या गल्ल्या, भांडारकर रोड ओलांडून आपटे रोडकडे. थोडं लांब पडतं पण सावली आहे आणि बस नाहीत. जंगली महाराज रस्त्याचं नवं डिझाइन केलं तेव्हा फुटपाथबरोबर सायकल ट्रॅकही दिला, सकाळी लवकर निघालात तर तो बराचसा मोकळा मिळतो.
आता ॲटलासचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सायकलीतच दिसतंय. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला बंद झाला, जागतिक सायकल दिन होता तो. कंपनीचं असं झालं तरी तुमची सायकल अडली का? नाही. कारण काळ्या डबलबार सायकलींचे पार्ट बहुतेक सगळे एकमेकांना चालतात, २८ बाय दीडचे टायरट्यूब तालुक्याच्या गावातसुद्धा मिळतात, छर्रे, कॉटर पिन, फ्रीव्हील, ब्रेकची रबरं सगळं मिळतं आणि ते बसवणारा माणूस पण मिळतो. असेंबल्ड पीसीचं पण तेच, वीज पुरवणारा एसएमपीएस गेला तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा बसतो. उलट हल्लीच्या कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, घेताना ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबी. म्हणून मी कुठलीही वस्तू घेताना जुनी का नवी ते बघतच नाही, उघडता येते का आणि पार्ट दुसऱ्याचा चालतो का एवढं बघतो. इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असाल तरी शोरूममध्ये बॅटरीची किंमत आणि ती कोण बदलून देणार हे आधी विचारा.
सायकल पूर्ण खोलून ओव्हरहॉलिंग करून घ्या, पुढच्या-मागच्या हबमध्ये नवं ग्रीस, हेडसेटचे छर्रे, रिंगचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. ब्रेकची रबरं नवीच टाका. एक मात्र लक्षात ठेवा, स्टीलच्या रिंगवर पाऊस पडला की रॉड ब्रेक फार कमी पकडतो. पावसाळ्यात हळू चालवा आणि उतारावर आधीपासूनच ब्रेक दाबत या.

पौडफाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मराठी लिखाण दोन प्रकारचं आहे, नवीन सगळं युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्डने, पण मंडळाच्या जुन्या अहवालांच्या फाइल श्रीलिपीतल्या आहेत, त्या लिनक्सवर उघडतील का? बाकी चाकोरीताईंचा बँकेचा मुद्दा पटला, विंडोज १० वर हे काम आता करणार नाही.

गोदाकाठ:
इन्स्क्रिप्टची चिंता नको, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत निवडलं की मराठी इन्स्क्रिप्ट तिथेच दिसतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारं फोनेटिक हवं असेल तर आयबस हे सॉफ्टवेअर टाकून बघा. श्रीलिपीच्या जुन्या फाइल म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे कोड आणि वरून मराठी फॉन्ट, त्यामुळे तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकला तर वाचता येतील, पण शोधता येणार नाहीत आणि दुसरीकडे चिकटवल्या की कचरा दिसेल. विंडोज काढायच्या आधीच त्या सगळ्या कन्व्हर्टरने युनिकोड करून ठेवा आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्याखालून घाला, तिथेच चुका होतात.

उत्रेख्तवासी:
नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमधून लिहितोय. इथल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली लावायची जागा आहे आणि त्यातल्या ढिगाने सायकली तुमच्या ॲटलाससारख्याच दिसतात, सरळ बसायचं, जड फ्रेम, मडगार्ड, झाकलेली चेन. फरक सायकलीत नाही, रस्त्यात आहे. आणि तो रस्ता पण इथे आपोआप आला नाही, साठ-सत्तरच्या दशकात इथेही गाड्यांनी शहरं भरली होती, रस्त्यावर मुलं मरत होती, त्यावर पालकांनी मोठं आंदोलन केलं, त्यातच १९७३ चं तेलसंकट आलं आणि मग हळूहळू धोरण बदललं. आमच्या शहरात तर कालवा बुजवून मोठा गाडीरस्ता केला होता, तो उखडून २०२० मध्ये तिथे परत पाणी सोडलं. त्यामुळे पुण्यात होणारच नाही असं कृपा करून कोणी म्हणू नका, वॉर्ड ऑफिसला ट्रॅकवरच्या पार्किंगचे फोटो पाठवत राहा, सायकलवाले रस्त्यावर दिसत राहिले तरच कोणी दखल घेतं.
अजून एक, २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला रिपेअर कॅफे सुरू झाला, आता बऱ्याच देशांत आहेत. शनिवारी लोक बंद पडलेला मिक्सर, सायकल, लॅपटॉप घेऊन येतात आणि जाणकार माणसं त्यांच्या शेजारी बसून दुरुस्त करून दाखवतात, फुकट. कोथरूडमध्ये एखाद्या वाचनालयात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा हे सहज जमेल. रॉडब्रेक आणि गोदाकाठ, तुम्ही दोघं तयार असाल तर मी डिसेंबरात पुण्यात आहे, टूलकिट घेऊन येतो.

रॉडब्रेक:
मी तयार आहे. हॉलचं मी विचारतो, कोन स्पॅनर आणि चेन टूल माझ्याकडे आहेत, तुमच्याकडे स्पोक की चांगली असेल तर ती आणा. पौडफाटा, ॲटलास तोपर्यंत खोलू नका, तिथेच सगळ्यांसमोर खोलू.