जुनी आर६ की नवी आर७? रोज ८८० वरून जायचंय

प्रेषक: फ्रीमाँटकर (मूळ सातारा)

मंडळी, नमस्कार.

हा वर्गणीचा मेल नाही, निर्धास्त वाचा.

गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियाचं एम१, म्हणजे मोटारसायकलचं, लायसन्स हातात आलं. कॉलेजात मामाची आरएक्स १०० पळवायचो, त्यानंतर बारा वर्षं कसलंच हँडल धरलं नाही. आता ऑफिसने आठवड्यातले चार दिवस यायचं फर्मान काढलंय. फ्रीमाँट ते माउंटन व्ह्यू. सकाळी ८८० आणि २३७ या हायवेंची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

एका गृहस्थांकडे २०१७ ची यामाहा आर६ आहे, निळी, चौदा हजार मैल झालेली. जवळजवळ तेवढ्याच पैशांत शोरूममधून नवी कोरी आर७ येते. ऑफिसमधला मित्र म्हणतो, आर६ ११८ घोड्यांची (हॉर्सपॉवर), आर७ ७३ घोड्यांची, यात विचारायचं काय? होंडाची सीबीआर६५०आर आणि एप्रिलियाची आरएस ६६० पण डोक्यात आहेत. रोज चालवणाऱ्यांनी खरं काय ते सांगावं. घरून परवानगी मिळाली आहे. अटी दोन: अंगावर सगळं गिअर, आणि लेकीला डबलसीट न्यायचं नाही.

——

प्रेषक: सनीवेलचे काका

अरे, तुझा मित्र स्वतः काय चालवतो ते आधी विचार.

मी एक लिटरची जपानी गाडी दोन वर्षं आणि मग सहाशे सीसीची चार सिलिंडरवाली सहा वर्षं रोज ऑफिसला नेली. लिटरवाली तर ट्रॅफिकमध्ये थांबली की पंखा चालू, आणि सगळी गरम हवा मांडीवर. जुलैमध्ये सिग्नलला एक पाय जमिनीवर आणि दुसरा गुडघा टाकीपासून लांब, अशा पोझमध्ये मी उभा असायचो. शेजारच्या गाडीतली पोरं हसायची.

आता घोड्यांचं. आर६चे ११८ घोडे खरे आहेत, पण ते राहतात १४,५०० आरपीएमला. तिथवर तू २३७ वर कधी जाणार? पहिला गिअर इतका लांब आहे की हायवेची ६५ ची मर्यादा पहिल्यातच गाठता येते. म्हणजे मिलपिटसच्या रांगेत ताशी आठ मैलांनी सरकताना तू अर्ध्या क्लचवरच असणार. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, बघ. आर६चा जास्तीत जास्त ६१.७ न्यूटन-मीटर, तोही १०,५०० वर. आर७चा ६७, आणि ६,५०० वर. वजन १९० आणि १८८ किलो, म्हणजे सारखंच. तीन ते सहा हजारांत, जिथे तुझं रोजचं आयुष्य जाणार आहे, तिथे ७३ घोड्यांचीच गाडी आधी उडी घेते. तिचं इंजिन यामाहाच्याच एमटी-०७ या उघड्या गाडीचं, ६८९ सीसीचं, दोन सिलिंडरचं. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) २७० अंशांचा, त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत आणि मागचं चाक ढकलल्यासारखं वाटतं. आवाज चारवालीसारखा किंचाळणारा नाही, धडधड आहे. मला आवडतो. तुझ्या मित्राला ट्रॅक्टर वाटेल.

पण आर७ म्हणजे गादी असं समजू नकोस. क्लिप-ऑन (हँडलचे दोन सुटे दांडे) खाली आहेत, पाय ठेवायचे फुटपेग मागे आहेत, वाकून बसावं लागतं. आर६ला काय होतं ते मला माहीत आहे, कारण माझी गाडी त्याच जातीची होती: ऑफिसला पोचल्यावर पहिली दहा मिनिटं मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचो. हायवेवर वेगात वारा छातीला टेकू देतो, मनगटं सुटतात. ट्रॅफिकमध्ये वारा नसतो, सगळं धड मनगटांवर.

शोरूममध्ये दोन मिनिटं बसून फोटो काढून परत येऊ नकोस. घड्याळ लावून पंधरा मिनिटं बस. सेल्समन कंटाळेल, कंटाळू दे.

——

प्रेषक: सॅन होजेची ताई

काकांचं पटलं, पण दोन गोष्टी राहिल्या.

माझी उंची पाच फूट दोन. मी निन्जा ६५० चालवते, सीट ७९० मिलिमीटर. आर७ ची ८३५, आर६ ची ८५०. कागदावर साडेचार-सहा सेंटीमीटर, पण उतारावर सिग्नलला डावा पाय टेकताना तेवढ्यावरच गाडी उभी राहते नाहीतर आडवी होते. सातारकर, तुम्ही उंच असाल तर हा परिच्छेद सोडा.

दुसरं म्हणजे लेन स्प्लिटिंग, गाड्यांच्या दोन रांगांच्या मधून मोटारसायकल काढणं. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये त्याचं विधेयक, एबी ५१, मंजूर केलं, २०१७ पासून ते कायद्यात आहे. खरा वेळ वाचतो तो तिथेच, घोड्यांमुळे नाही. पण त्यात गाडी ताशी दहा-वीस मैलांवर सरळ धरायची असते आणि मान सारखी वर करून पुढच्या चार गाड्यांचे आरसे वाचायचे असतात. पोटावर झोपून ते जमत नाही. स्पोर्ट बाइकच्या आरशांत अर्धी स्वतःची कोपरं दिसतात, हेही लक्षात ठेवा. माझा नियम: पुढचं ट्रॅफिक तीसच्या वर पळायला लागलं की मी मुकाट्याने लेनमध्ये परत.

सीबीआर६५०आर नीट बघा. २०२४ पासून ती ई-क्लचमध्ये मिळते. थांबताना, निघताना, गिअर बदलताना लिव्हरला हात लावावा लागत नाही, लावायचा असेल तर लिव्हर आहेच. चेष्टा करणारे करतात, पण डाव्या हाताला विचारा.

आणि बारा वर्षांनी परत सुरू करताय, तर चाकणला बनलेली केटीएम आरसी ३९० पण इथे मिळते. ३७३ सीसी, ४४ घोडे. ऑफिसपुरती भरपूर झाली. तुम्ही ऐकणार नाही, माहीत आहे.

——

प्रेषक: डब्लिनचा पोरगा

काका, ताई, सगळ्यांनी असाच हिशेब केला असता तर सगळे प्रियस चालवत बसले असते.

मी दोन वर्षं रोज आर६वर जातो. मनगटं शाबूत आहेत. हँडलवर वजन टाकायचंच नसतं. गुडघ्यांनी टाकी आवळायची, पोट घट्ट ठेवायचं, कोपरं सैल. पहिला महिना मांड्या ओरडतात, मग सवय होते. व्हॉल्व्ह तपासणी २६,६०० मैलांवर, तोपर्यंत तेल, चेन, टायर. आणि रविवारी सकाळी स्कायलाइनच्या डोंगरातल्या रस्त्यावर बारा हजारांच्या पुढे काटा गेला की जो आवाज येतो, तो आता नव्या गाडीत मिळणार नाही. रस्त्यासाठीची आर६ अमेरिकेत २०२० ला संपली. आता आर९ आली आहे, ८९० सीसी, तीन सिलिंडर, चांगलीच आहे म्हणतात. पण ती आर६ नाही.

इन्शुरन्सचं मात्र काका बोलले नाहीत. मला आर६साठी आलेला आकडा मित्राच्या आर७च्या जवळजवळ दुप्पट होता. सुपरस्पोर्ट म्हटलं की यांच्या भुवया वर जातात.

घ्यायचीच असेल तर बघायला जाताना टॉर्च न्या. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून फ्रेमवरचे, हँडल अडवणारे स्टॉप बघा. चपटलेला असेल किंवा रंग उडाला असेल तर गाडी कधीतरी जोरात आपटलीय. पुढच्या चाकाच्या फोर्कच्या नळीवर तेलाची रेघ, फुटपेगची टोकं, लिव्हरची टोकं. फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) नवी असेल तर जास्त संशय घ्या. टायटल (मालकीचा कागद) सॅल्व्हेज, म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीचं, आहे का ते पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही. इंजिन थंड असताना पोचा; तुम्ही यायच्या आधीच त्याने सुरू करून ठेवली असेल तर कारण विचारा.

——

प्रेषक: ही मेलिंग लिस्ट सांभाळणारी

धागा छान चाललाय, चालू द्या. फक्त विषयात "गाडी" असं लिहा, कारण दोन जणांनी मला विचारलं की आर६ आणि आर७ हे नाटकाच्या तिकिटांचे रो आहेत का.

ढोल पथकाचा सराव शनिवारी चारला. मोटारसायकली हॉलच्या मागच्या बाजूला लावा, पुढच्या दारात टेम्पो यायचा आहे.

——

प्रेषक: फ्रीमाँटकर

शनिवार गाड्यांवरच गेला. पथकाला दांडी मारली, माफी असावी.

आधी आर६. मालक सभ्य, गाडी चकचकीत, इंजिन थंड. सुरू केली आणि मी पाघळलो, खोटं कशाला बोलू. मग टॉर्च काढला. उजवीकडचा स्टॉप चपटा. मालक म्हणाले, पार्किंगमध्ये स्टँडवरून पडली होती. असेलही. उभी गाडी आडवी झाली तर स्टॉप चपटतो का, हे मला कळत नाही, पण मला रोज त्याच प्रश्नावर बसून जायचं नव्हतं.

मग आर७. काकांनी सांगितल्याप्रमाणे फोनवर पंधरा मिनिटं लावली. पाच मिनिटं राजा. आठव्या मिनिटाला मी हँडलवरचे हात सोडून तळवे चोळले. अकराव्या मिनिटाला सेल्समन म्हणाला, "सगळं ठीक ना?" इंजिन मात्र काका म्हणतात तसंच, क्लच सोडला की लगेच हजर. फेअरिंग नको असती तर मी तिथेच एमटी-०७ घेऊन आलो असतो.

आरएस ६६० वर बसलो. १०० घोडे, १८३ किलो, हँडल जरा वर, क्रूझ कंट्रोलसकट. मन तिच्यातच अडकलं. पण तिचं सर्व्हिस सेंटर मला सोयीच्या अंतरावर नाही, आणि रोजची गाडी दोन आठवडे पार्टची वाट बघत उभी राहिली तर मी परत ८८० वर कारमध्ये.

शेवटी सीबीआर६५०आर, ई-क्लचवाली. ९५ घोडे, चार सिलिंडर, किंचाळते पण थोडी लाजत. वजन सगळ्यांत जास्त, २११ किलोच्या आसपास, ढकलताना कळतं. टॉर्क वरच्या आरपीएमलाच आहे, काकांच्या गणितात ही नापास व्हायला हवी होती. पण पंधरा मिनिटं बसलो आणि सोळाव्या मिनिटाला उतरायचं लक्षात राहिलं नाही. सोमवारी पहिल्यांदा ऑफिसला नेली. मिलपिटसच्या रांगेत पहिल्या पाच मिनिटांत डाव्या हाताने सवयीने तीनदा लिव्हर दाबली, मग त्याला कळलं की काम नाही. दारातून दारात ३४ मिनिटं. कारने ७० लागायची.

ताई, आरसी ३९० खरंच बघितली. बसलोही. सेल्समनला चाकण कुठे आहे ते समजावून सांगितलं.

——

प्रेषक: सनीवेलचे काका

अभिनंदन. नापास वगैरे काही नाही, मनगट तुझं, गणित माझं.

पहिली सर्व्हिस ६०० मैलांवर, चुकवू नकोस. तोपर्यंत जोरात पिळू नकोस आणि नव्या टायरवर पहिले शंभर मैल वळणांत शहाणपणा करू नकोस, गुळगुळीत असतात. चेनला दर चार-पाचशे मैलांनी ल्यूब. मागचं चाक उचलायचा स्टँड माझ्याकडे पडून आहे, रविवारी सातला ये आणि घेऊन जा. चहा पिऊन हायवे ८४ आणि स्कायलाइन मिळतात तिथपर्यंत सावकाश जाऊन येऊ.

आणि तो आर६चा स्टॉप नेमका किती चपटलाय? फोटो काढला असशील तर पाठव. मालक किती म्हणत होते तेही कळव. काकूला या लिस्टवर मेल येतात, तेव्हा मला वेगळा पाठव.