पहिली-दुसरीसाठी माहितीचं चित्रपुस्तक: मजकूर, चित्रं आणि छपाईबद्दल मदत हवी

पाऊलवाट:
नमस्कार. लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या लिंबाळी फुलपाखरावर पहिली-दुसरीच्या मुलांसाठी २४ पानांचं चित्रपुस्तक करतो आहोत. गोष्ट नाही, निव्वळ माहिती. पहिला खर्डा ११०० शब्दांचा झालाय आणि तो जड वाटतोय. पानावर किती शब्द असावेत? ‘कोष’, ‘कात टाकणे’ हे शब्द ठेवावेत की काढावेत? चित्रकाराचा हात सुंदर आहे, पण फुलपाखरांची माहिती नाही. चित्रांतल्या चुका कशा टाळायच्या? आकार चौकोनी, ८.५ इंचांचा घ्यायचा विचार आहे.

शब्दखूण:
११०० शब्द तिसरी-चौथीला चालतील, पहिली-दुसरीला नाही. शीर्षक, श्रेयनामावली आणि शब्दार्थांची पानं वगळली की तुमच्याकडे २० पानं उरतात, म्हणजे १० जोडपानं (समोरासमोर उघडणारी दोन पानं). जोडपानाला २० ते ३० शब्द धरा. अडीचशे-तीनशे शब्दांत पुस्तक बसतं.

पण ११०० चे ३०० कापून करू नका, वाक्यं तुटकी होतात. खर्डा बाजूला ठेवा, आधी दहा चित्रं ठरवा आणि चित्रात जे दिसत नाही तेवढंच लिहा. अळी हिरवी आहे हे दिसतंच. लहानपणी ती हिरवी का नसते, हे सांगावं लागतं. उदाहरणार्थ, उजव्या पानावर लिंबाचं एक मोठं पान, त्यावर काळपट-पांढरं काहीतरी. मजकूर: ‘ही पक्ष्याची शी आहे का?’ पान उलटलं की तेच जवळून, पाय दिसतील असं. ‘नाही. ही अळी आहे. पक्षी फसतो. तिला खात नाही.’ प्रश्न उजव्या पानावर आणि उत्तर पान उलटल्यावरच आलं पाहिजे. दोन्ही समोरासमोर आले तर मूल आधी उत्तर बघतं आणि सगळी मजा जाते.

‘कोष’ आणि ‘कात’ नक्की ठेवा. एका जोडपानावर नवा शब्द एकच, आणि तो पुढे दोनदा तरी परत यावा. मूल अडतं ते लांबलचक जोडशब्दांवर. ‘भक्ष्यवनस्पती’ ऐवजी ‘अळीच्या खाण्याचं झाड’ लिहा. आणि ‘मी छोटीशी अळी, मला भूक लागली’ असलं काही अळीच्या तोंडी घालू नका. त्यातली माहिती कोणती आणि कल्पना कोणती, हे या वयात वेगळं करता येत नाही.

रेषारंग:
चित्रकाराला ‘फुलपाखराचं जीवनचक्र’ एवढंच सांगितलं तर तो इंटरनेटवरचं दुसऱ्याच जातीचं चक्र काढून देईल. लिंबाळीच्या बाबतीत नेमकं कुठे चुकतं ते सांगतो.

सगळ्यात जास्त चुकतो तो कोष. बहुतेक चित्रांत तो खाली डोकं करून लोंबकळत असतो. लिंबाळीचा तसा नसतो. शेपटीचं टोक काडीला चिकटलेलं, डोकं वर, आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा. माणूस दोरीला टेकून मागे रेलावा तसा. तो धागा चित्रात आलाच पाहिजे.

दुसरं, पंख. ही स्वॅलोटेल, म्हणजे ‘शेपटीवाल्या’ फुलपाखरांच्या कुळातली जात म्हणून चित्रकार मागच्या पंखांना शेपट्या काढतात. लिंबाळीला शेपटी नसते. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका असतो. सहाही पाय छातीला जोडलेले हवेत, पोटाला नाही. कोषातून नुकतंच निघालेलं फुलपाखरू ओलं असतं, पंख चुरगळलेले असतात. ते लगेच उडताना दाखवू नका.

अळी चार वेळा कात टाकते. पहिल्या चार अवस्था शीसारख्या दिसतात, पाचवी हिरवी. छेडलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दुफाटी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. मुलांना हे पान सगळ्यात आवडेल, त्याला अख्खं जोडपान द्या.

प्रत्येक अवस्थेचे निदान तीन फोटो द्या: वरून, बाजूने आणि झाडासकट. झाडही खरं हवं. लिंबाच्या फांदीला काटे असतात. कढीपत्ता दाखवणार असाल तर एका देठावर अनेक पानं येतात, हे चित्रकाराला सांगा. जाणकाराकडून तपासणी पेन्सिलच्या कच्च्या रेखाटनावरच करून घ्या. रंग भरल्यावर कोष उलटा करणं म्हणजे चित्र नव्यानं काढणं.

मोजमाप हा अजून एक सापळा. अंडं सुमारे १ मिलिमीटरचं, पूर्ण वाढलेली अळी साधारण ४ सेंटिमीटरची, पसरलेले पंख ८ ते १० सेंटिमीटर. अंडं पानभर मोठं काढलंत की कोपऱ्यात खऱ्या आकाराचा ठिपका द्या.

फर्मा:
चौकोनी आकाराचा हट्ट सोडा. ८.५ × ८.५ साठी २३ × ३६ इंचांचा छपाईचा कागद घ्यावा लागतो. त्यात एका बाजूला ८ पानं बसतात, पण प्रत्येकी ९ × ११.५ ची. म्हणजे प्रत्येक पानामागे जवळपास अडीच इंचांची पट्टी वाया. २० × ३० मध्ये ७.५ × १० ची ८ पानं एका बाजूला, दोन्ही बाजू मिळून १६ पानांचा फर्मा (एका कागदावर छापून दुमडलेला संच) होतो. कापून ७.२५ × ९.५ मिळतं. २४ पानांना दीड कागद. आतला कागद १३० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) मॅट आर्ट, म्हणजे चकाकी नसलेला गुळगुळीत कागद, कव्हर ३०० जीएसएम आणि मधली पिन, म्हणजे घडीवर मारलेल्या पिनांची बांधणी.

मधल्या पिनेत फक्त १२-१३ हे जोडपान एकसंध कागदावर येतं. बाकी जोडपानांची दोन पानं वेगवेगळ्या ठिकाणी छापली जातात आणि मिलिमीटरभर मागेपुढे होतात. अळीचं तोंड किंवा फुलपाखराचं धड शिवणीवर ठेवू नका. शिंगवालं चित्र १२-१३ ला घ्या. कडांना ३ मिलिमीटर ब्लीड सोडा, म्हणजे चित्र कापायच्या रेषेबाहेर तेवढं वाढवा.

अक्षरं फक्त काळ्या शाईत हवीत. चार शाया मिसळून केलेला काळा वापरला आणि रंग जरासा सरकला, तर शिरोरेघेला आणि मात्रांना रंगीत सावली येते. वाचायला शिकणाऱ्या मुलाला अनुस्वार दोन दिसतात.

दुसरीचा वर्ग:
अक्षर २० ते २२ पॉइंट आणि ओळींतलं अंतर त्याच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते बघा. अनेक फॉन्ट मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय हिंदी वळण देतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘दुसर्या’ असा फुटत नाही ना, हे छापील प्रूफवर तपासा. ओळ अर्थाच्या तुकड्यावर तोडा: ‘अळी कात टाकते / आणि मोठी होते.’

शब्दखूण यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद आहे. ‘खाण्याचं’ ऐवजी ‘खाण्याचे’ लिहा. पाठ्यपुस्तकात मूल एकारान्त रूप वाचतं आणि अनुस्वार नुकताच शिकत असतं. मोठ्याने वाचून दाखवायच्या पुस्तकात ‘खाण्याचं’ गोड लागतं, स्वतः वाचायच्या पुस्तकात नाही.

छपाईआधी साध्या प्रिंटवर सहा-सात मुलांकडून वाचून घ्या. १०० शब्दांत १० पेक्षा जास्त ठिकाणी अडलं तर मजकूर अवघड आहे. मग मजकूर झाकून चित्रांवरून सांगायला लावा. ज्या पानावर मूल गप्प होतं, तिथे चित्र बदला, शब्द वाढवू नका.

पाऊलवाट:
खूप आभार. आकार बदलतोय, कोषाचं रेखाटन परत पाठवतोय. एकच विचारायचं राहिलं: चित्रांऐवजी फोटोच वापरले तर?

रेषारंग:
फोटोत मागची पानं, सावली, धूसर कडा सगळंच येतं, आणि या वयात नेमकं कुठे बघायचं ते कळत नाही. कमरेचा धागा फोटोत सहज हरवतो, रेषेत ठळक करता येतो. चित्रंच ठेवा. शेवटच्या पानावर मात्र अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू यांचे चार फोटो द्या आणि खाली लिहा: ‘लिंबू, कढीपत्ता किंवा बेलाच्या कोवळ्या पानांवर शोधा.’