मदत हवी आहे: ड्रॉइंगसाठी दिलेल्या लिंकवर रेटही दिसतायत (गुगल ड्राइव्ह शेअरिंग)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये ऑफिस सांभाळते. फौंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग आमच्याकडे होतं, प्लेटिंग बाहेरून करून घेतो आणि माल कोल्हापूर-पुण्याकडे जातो. ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, कोटेशन, पगारपत्रक, जीएसटीची बिलं, सगळं गुगल ड्राइव्हवर एकाच मोठ्या फोल्डरमध्ये आहे. आधीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरनी ते स्वतःच्या जीमेलवर तयार केलं होतं. ते आता हुबळीला नोकरीला आहेत. संबंध चांगले आहेत, फोन केला की उचलतात.

परवा प्लेटिंगवाल्यांच्या सुपरवायझरचा फोन आला. "ताई, त्या पिनला दुसऱ्या पार्टीला किलोमागं जास्त देताय की. आम्हालाच का कमी?" त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्रॉइंगसाठी म्हणून एक जुनी लिंक पडून आहे, ती मोठ्या फोल्डरचीच निघाली. शेअरच्या चौकटीत तीनच माणसांची नावं आहेत, त्यात प्लेटिंगवाल्यांचं कुणीच नाही. पण खाली "एनीवन विथ द लिंक" आणि पुढे "एडिटर" असं लिहिलंय. ही भानगड काय आहे?

रेटचं मालक बोलून मिटवतील. मला खरी काळजी पगारपत्रकाची आहे. त्यात कामगारांचे आधार आणि बँक खात्याचे नंबर आहेत. माणसं विश्वासानं कागद आणून देतात, ते असे उघड्यावर पडलेले मला चालणार नाहीत.

लिंक बंद केली तर पुण्याच्या पार्टीचं काम अडेल का? त्यांच्या इन्स्पेक्टरकडे जीमेल नाही, कंपनीचाच मेल आहे. आणि फोल्डर हुबळीवाल्यांच्या नावावर आहे, उद्या त्यांनी ते अकाउंट बंद केलं तर? आणखी एक, स्टोअरमधल्या अण्णांच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह कानडीत दिसतो. फोनवरून "हे दाबा, ते दाबा" सांगताना आमचा मेळ बसत नाही.

सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

खानापूरवाला:

ताई, आधी एक करून बघा. क्रोममध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा, कुठलंही लॉगिन न करता ती लिंक टाका. फोल्डर उघडलं म्हणजे लिंक हाती असलेल्या कुणालाही ते उघडतं. त्यात "एडिटर" असल्यावर लॉगिन केलेला माणूस फाइल बदलू शकतो, फोल्डरमधून काढूही शकतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची आहे.

ड्राइव्हची लिंक म्हणजे नुसता पत्ता असतो. आत कुणाला घ्यायचं ते शेअरच्या चौकटीत ठरतं, आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात. वर माणसांची नावं, खाली "जनरल ॲक्सेस". तुम्ही वरची नावं बघितलीत, पण प्लेटिंगवाले खालच्या दारानं आत आले. तिथे "रिस्ट्रिक्टेड" केलं की फक्त वर नाव असलेल्यांनाच उघडतं, मग लिंक दहा ग्रुपवर फिरली तरी चालेल. शिवाय मोठ्या फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या प्रत्येक फोल्डरला आणि फाइलला आपोआप लागते. म्हणून कोटेशनवर कुणी वेगळं काही केलं नव्हतं तरी ते उघडलं. पगारपत्रक आणि कोटेशन त्या फोल्डरच्या पोटात ठेवूच नका. त्यांचं वेगळं फोल्डर करा आणि ते कुणालाच शेअर करू नका, एक मालक आणि एक तुम्ही, बास.

पुण्याचं काम अडणार नाही. बंद करण्याआधी ज्यांना लागतं त्यांची नावं घाला. पत्ता तोच राहतो, त्यामुळे त्यांच्याकडची जुनी लिंकच चालते. कुणाचं राहून गेलं तर त्याला "रिक्वेस्ट ॲक्सेस"चं बटण दिसतं आणि फाइलच्या मालकाला मेल येतो. इन्स्पेक्टरना जीमेल लागत नाही, कंपनीच्या मेलवरच गुगल अकाउंट काढता येतं.

बाहेरच्यांना "व्ह्यूअर" (फक्त बघू शकणारे) ठेवा. फाइलच्या शेअरच्या चौकटीत वर गिअरचं चिन्ह आहे, तिथे व्ह्यूअरना डाउनलोड आणि प्रिंट बंद करता येतं, आणि एडिटरनी पुढे दुसऱ्यांना शेअर करण्यावरही बंदी घालता येते. पण स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला तर त्याला इलाज नाही, आणि आधीच उतरवून घेतलेलं परत येत नाही.

अण्णांना शब्द सांगूच नका, चित्र सांगा. जनरल ॲक्सेसच्या जागी कुलूप दिसलं तर बंद, पृथ्वीचा गोल दिसला तर लिंकवाल्या सगळ्यांना उघडं. मेनूची भाषा ज्याच्या-त्याच्या गुगल अकाउंटची असते. त्यांना कानडी सोयीचं असेल तर तसंच राहू दे, फाइलला काही फरक पडत नाही.

निपाणीची मीनल:

मालकीचं मी सांगते, आमच्या सोसायटीत हेच निस्तरलंय. हुबळीवाल्यांना आज-उद्याच फोन करा. संबंध चांगले आहेत तोवर हे काम सोपं आहे. त्यांचं अकाउंट गेलं तर त्यांच्या नावावरच्या फाइलही जातील, तुमचं नाव एडिटर म्हणून असलं तरी.

ऑफिसच्या नावानं एक अकाउंट काढा, कुणा एकाच्या खाजगी जीमेलवर परत नको. ते फोल्डरला एडिटर म्हणून जोडा. मग हुबळीवाल्यांनी शेअरच्या चौकटीत त्या नावापुढे "ट्रान्सफर ओनरशिप" करायचं आणि तुम्ही मेलमधून ते स्वीकारायचं. फोल्डरची मालकी बदलली म्हणून आतल्या फाइलींची बदलत नाही, इथेच लोक फसतात. त्यांना सर्चच्या फिल्टरमध्ये स्वतःला ओनर निवडून फाइली काढायला सांगा, एकदम बऱ्याच निवडून मालकी देता येते. बदल झाल्यावरही ते एडिटर म्हणून राहतात, काम संपल्यावर नाव काढा. फाइल ज्याच्या नावावर असते त्याच्या खात्यात तिची जागा मोजली जाते आणि फुकट १५ जीबीच मिळते, त्यात जीमेल आणि फोटोही आले. इन्स्पेक्शनचे फोटो भरपूर असतील तर आधी बघून घ्या.

सगळं डाउनलोड करून नव्या खात्यात चढवायचा मोह होईल. तसं करू नका. लिंका सगळ्या बदलतील, गुगल शीटच्या एक्सेल फाइली होतील आणि कुणी काय बदललं तो जुना इतिहास जाईल.

आणि पुण्याची पार्टी मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवरून काही पाठवत असेल, तर तिथली पद्धत वेगळी. तिथे एकाच फाइलच्या अनेक लिंका निघू शकतात: कुणालाही उघडणारी, फक्त त्यांच्या कंपनीतल्यांना उघडणारी, ठरावीक माणसांनाच उघडणारी. "आमच्यात उघडते, तुमच्यात का नाही" असा फोन आला की समजायचं कंपनीपुरतीची लिंक आलीय. त्यांना तुमच्या मेलसाठी "स्पेसिफिक पीपल"ची मागा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. इन्कॉग्निटोत फोल्डर खरंच उघडलं. मालकांना दाखवलं, ते बघून गप्पच झाले. नावं घालून लगेच कुलूप लावलं. अण्णांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघून "कुलूप आलं बघा ताई" म्हणून सांगितलं, तेव्हा जरा जिवात जीव आला.

हुबळीला फोन झाला. फोल्डर ऑफिसच्या खात्यावर आलं आणि मीनलताई म्हणाल्या तसंच, आतल्या फाइली अजून त्यांच्याच नावावर आहेत. रविवारी ते बसून देतो म्हणालेत. पगारपत्रकाची फाइल सगळ्यात आधी मागितली होती, ती आली. ती आता वेगळ्या फोल्डरमध्ये आहे.

एक शंका राहिली. ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं की आम्ही नवी पीडीएफ चढवतो आणि नवी लिंक पाठवतो. प्लेटिंगवाले मात्र जुनीच उघडून बसतात. याला काही करता येतं का?

खानापूरवाला:

येतं की. नवी पीडीएफ वेगळी चढवू नका. जुन्या पीडीएफवर राइट क्लिक करून "मॅनेज व्हर्जन्स" मध्ये जा आणि तिथून नवी चढवा. लिंक तीच राहते, परवानग्याही त्याच राहतात आणि उघडणाऱ्याला नवं रिव्हिजन दिसतं. जुनं व्हर्जन साधारण ३० दिवसांनी किंवा १०० व्हर्जन झाल्यावर पुसलं जातं, म्हणून ऑडिटला लागणारं असेल तर त्याच्यासमोर "कीप फॉरेव्हर" करा. फाइलच्या नावात मात्र रिव्हिजन नंबर ठेवू नका, नाहीतर नावात जुना नंबर आणि आत नवं ड्रॉइंग असा घोळ होईल. नंबर ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत) असतोच, प्लेटिंगवाल्यांना तिथं बघायची सवय लावा.